दोन इंच वजा

कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तेव्हा त्या घरात साडेचार माणसं होती. नाना म्हणजे सासरे, आई म्हणजे सासूबाई, नवरा, सूनबाई आणि उरलेलं अर्धं माणूस म्हणजे ठकू, वय वर्षं दोन. अर्धं म्हणायचं ते फक्त उंचीवरून. आवाजाच्या हिशेबाने ती एकटीच अडीच भरली असती.

ठकू दुपारी एक ते अडीच झोपते. या दीड तासाला घरात 'ऑफिस' म्हणतात. ठकूच्या आधी सूनबाई एका लहानशा स्टुडिओत फिल्मचं एडिटिंग करायची, आणि चांगलं करायची. कुठला शॉट किती वेळ ठेवायचा आणि नेमका कुठे कापायचा, हे तिच्या डोळ्यांच्याही आधी तिच्या हातांना कळायचं. पुढची दोन वर्षं ते हात दुपट्यांच्या घड्या करण्यात आणि शेजारपाजारच्या वाढदिवसांची चित्रणं जुन्या लॅपटॉपवर जोडण्यात गेले. लॅपटॉप असा की, त्याला जरा काम सांगितलं की त्याचा पंखा मिक्सरसारखा घरघरायला लागायचा, ठकू जागी व्हायची आणि ऑफिस सुटायचं.

अशाच एका सोमवारी, ऑफिस सुटत असताना, स्टुडिओच्या बाईंचा फोन आला.

"बारा मिनिटांची फिल्म आहे. डोळ्यांच्या दवाखान्याची. शूटिंग झालंय. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला दवाखान्याच्या लोकांना दाखवायची. घरी बसून करशील?"

"करीन."

"मशीन आहे ना नीट?"

"आहे," सूनबाई म्हणाली. मागे लॅपटॉप घरघरत होता.

"वाटण चाललंय वाटतं. बरं, ऐक. ही वेळेत दिलीस तर दर महिन्याचं काम तुझ्याकडे. नाही जमलं तर आत्ताच सांग. दुसरी एक मुलगी थांबली आहे. वाईट वाटून घेऊ नकोस हं."

सूनबाईने वाईट वाटून घेतलं नाही. तिने ठकूला कडेवर घेतलं, लॅपटॉपचं तोंड मिटलं आणि संध्याकाळी नवरा घरी आल्याआल्या, त्याचे बूट निघायच्या आत, घोषणा केली. आपल्याला कॉम्प्युटर घ्यायचाय. तयार नाही, एकेक भाग निवडून जुळवलेला. तो स्वस्त पडतो आणि हवा तसा होतो.

नवरा विमा कंपनीत कारकून. एरवी नवा टॉवेल घ्यायलासुद्धा त्याला महिना लागतो. पण आज एक बूट हातात धरून तो म्हणाला, "घेऊया! ग्राफिक्स कार्ड मात्र दमदार घेऊ."

"कशाला दमदार?"

"तुझ्या कामाला गं. आणि ठकूचं भवितव्य आहे." मग आवाज खाली आणून, "आणि कधीतरी, सगळं आवरल्यावर, एखादा गेम..."

त्या 'एखादा'मध्ये लग्नापासून दाबून ठेवलेली सहा वर्षं होती. सूनबाईला त्याची दया आली. शिवाय बचतीच्या पाकिटात अर्धा वाटा त्याचा होता. गेमलाही चालेल आणि एडिटिंगलाही, असा कॉम्प्युटर घ्यायचा हे बूट निघेपर्यंत पक्कं झालं. दोघं खुशीत आत वळली, तर दारात नाना उभे.

नाना चौतीस वर्षं सरकारी भांडारात होते. त्या चौतीस वर्षांत एक खिळासुद्धा तीन कोटेशनं मागवल्याशिवाय भांडाराच्या फाटकातून आत आला नाही, असं ते सांगतात. बाहेर किती खिळे गेले, ते सांगत नाहीत.

"कोटेशनं?" नाना म्हणाले.

"नाना, अकरा दिवस आहेत फक्त."

"अकरा दिवसांत आम्ही पूल उभारायचं सामान घेतलंय, सूनबाई. समिती नेमू."

आणि समिती नेमली गेली. अध्यक्ष नाना. तांत्रिक सदस्य नवरा. बाहेरचे तज्ज्ञ म्हणून खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांना सगळी इमारत 'सर्वज्ञ' म्हणते आणि ज्यांना ते कौतुक वाटतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी चाळणी परत द्यायला आल्या होत्या, त्या बसल्याच, म्हणून विशेष निमंत्रित. कॉम्प्युटर जिला हवा होता तिला 'वापरकर्ता प्रतिनिधी' असं पद मिळालं. या पदाला मत नसतं. चहा करायचा असतो.

सर्वज्ञ काकांनी सुरुवातच जोरात केली. "सगळा खेळ प्रोसेसरचा. बाकी सगळं फुकट."

"काका, एडिटिंगला रॅमही लागते," सूनबाई चहाचा ट्रे धरून म्हणाली.

"रॅम काय, कधीही टाकता येते."

"आमच्या बहिणीकडच्या कॉम्प्युटरला आतून लाल-निळे दिवे आहेत," वहिनी म्हणाल्या. "इतका सुंदर दिसतो! ती तो लावते की नाही ते माहीत नाही, पण दिवे लावते."

आई इतका वेळ शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पडद्याला किनार मारत होत्या. त्यांनी पाय थांबवला. "अगं, मला एकदा सांग बघू, हे सगळं असतं काय?"

सूनबाईने ट्रे खाली ठेवला. "आई, असं समजा, की हे स्वयंपाकघर आहे. प्रोसेसर म्हणजे रांधणारी. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ, सगळं सामान तिथे. रॅम म्हणजे ओटा, जेवढं एका वेळी बाहेर काढून मांडता येईल तेवढं. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे पानं वाढणारा. पाहुणे जास्त असले की तो चपळ लागतो."

"मग ओटा मोठाच हवा," आई ताबडतोब म्हणाल्या. "रांधणारी कितीही हुशार असू दे, ओटा वीतभर असला की तिची नुसती चिडचिड."

अध्यक्षांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाहिलं. बाहेरचे तज्ज्ञ बशीकडे पाहत होते. रॅम बत्तीस जीबी मंजूर झाली. चौतीस वर्षांच्या कारकिर्दीत एका वाक्यात मंजूर झालेली ही पहिली खरेदी, असं नानांनी नंतर कबूल केलं.

आता जागा. ठकूला जगातलं कुठलंही बटण दिसलं की ते दाबावंसं वाटतं, तेव्हा कॉम्प्युटर तिच्या हाताला लागता कामा नये. पुढच्या खोलीत, जुन्या जाड टीव्हीसाठी भिंतीत केलेला एक कोनाडा होता, छातीएवढ्या उंचीवर. टीव्ही कधीच गेला. कोनाड्यात चाव्या, विजेरी आणि कुणाचीही नसलेली एक छत्री राहत होती. कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग ज्यात बसतात ती पेटी, तिथे ठेवायचं ठरलं. कोनाड्याची खोली मोजायची होती, आणि इथे त्या घराच्या टेपबद्दल सांगायलाच हवं.

आईंची शिवणकामाची टेप. पिवळी, कापडी, त्यांच्या पहिल्या कमाईची. फार वर्षांपूर्वी इस्त्रीखाली तिचं टोक जळालं आणि पहिले दोन इंच गेले. तेव्हापासून टेप दोनपासून सुरू होते. टेपवर वीस दिसले, तर समजायचं अठरा. आईंनी ती टाकली नाही आणि घरानेही तक्रार केली नाही. त्या घरात मूल आधी बोलायला शिकतं, मग चालायला, आणि मग दोन इंच वजा करायला. लग्न होऊन आलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात, गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं याबरोबर, हेही सांगितलं जातं. सूनबाईला सांगितलं होतं.

सूनबाईने ठकूला कडेवर घेऊन कोनाडा मोजला. ठकूने टेपचं एक टोक तोंडात घातलं होतं, ते काढून घेतलं. टेपवर वीस आले. तिने कागदावर निळ्या पेनने 'खोली: १८' लिहिलं आणि कागद नानांच्या फाइलला लावला.

त्याच संध्याकाळी ठकूला ताप आला. दोन दिवस तिने सूनबाईचा पदर सोडला नाही. कॅबिनेट आणायला नाना आणि नवरा गेले. सूनबाईने फक्त कार्डासाठी दुकानदाराला फोन केला, तोही ठकूला मांडीवर थोपटत, कुजबुजत.

"मला आवाज न करणारं कार्ड हवंय."

"ताई, तीन पंख्यांचं घ्या. तीन असले की प्रत्येक पंखा हळू फिरतो, आवाज येत नाही. लांब असतं जरा, बारा इंच. कॅबिनेट केवढं आहे?"

"अठरा इंचांच्या जागेत बसेल असं घेणार आहेत."

"मग काय, लोळेल आत!"

शनिवारी सगळी खोकी घरी आली. शुक्रवारला सहा दिवस होते. सूनबाईने कात्री घेतली.

"थांब!" नाना म्हणाले. "आवक नोंद झाली का?"

"नाना, वेळ नाही हो."

"न तपासता माल भांडारात गेला की काय होतं, ते तू पाहिलेलं नाहीस, सूनबाई. मी पाहिलंय. एकदा चारशे फावड्यांना दांडेच नव्हते."

चारशे बिनदांड्यांच्या फावड्यांपुढे कुणाचं काय चालणार? शनिवारी नोंद झाली. नानांनी प्रत्येक खोकं वजनकाट्यावर ठेवलं आणि काटा एवढं हलकं वजन दाखवेना, तेव्हा खोकं हातात घेऊन स्वतःच काट्यावर उभे राहिले, मग खोक्याशिवाय उभे राहिले. आपलं वजन दोन किलोंनी वाढलंय हा शोध त्यांना तिथेच लागला आणि त्यात अर्धा तास गेला. रविवारी भांडार बंद. सोमवारी बाह्य तपासणी. मंगळवारी अंतर्गत तपासणी, म्हणजे खोकं उघडून आत बघायचं, 'आहे' म्हणायचं आणि पुन्हा मिटायचं. मंगळवारी संध्याकाळी माल भांडारात दाखल झाला, म्हणजे जमिनीवरून दिवाणावर आला.

या चार दिवसांत सूनबाई गप्प बसली नव्हती. ऑफिसच्या वेळात ती दवाखान्याचं चित्रण लॅपटॉपवर, आवाज बंद करून, काडेपेटीएवढ्या आकारात पाहत होती, कारण त्याहून मोठं केलं की मिक्सर सुरू व्हायचा. प्रत्येक शॉट ती वहीत उतरवत होती. कुठला पहिला, कुठला मागाहून, किती सेकंद. एका शॉटमध्ये एका आजींच्या डोळ्यांवरची पट्टी निघते. आजी समोरच्या नर्सकडे बघत नाहीत, खिडकीकडे बघत नाहीत. आधी स्वतःचे दोन्ही हात वर धरून, उलटसुलट करून, बघत राहतात. जणू कुणी परत आणून दिलेत. तिथे सूनबाईने वहीत लिहिलं होतं, 'सतरा सेकंद. पुरते. कापायचा नाही.' आणि खाली दोन रेघा.

फिल्म अशी वहीत तयार होती. फक्त वहीचा प्रोजेक्टर होत नाही.

बुधवारी दुपारी एक वाजता ठकू झोपली आणि जुळणी सुरू झाली. नवऱ्याने रजा घेतली होती. सर्वज्ञ काकांनी सांगून ठेवलं होतं, की अंगातली वीज भागांना लागून ते जळतात, तेव्हा रबरी चपला घाला. म्हणून सगळं घर रबरी चपला घालून दिवाणाभोवती उभं होतं. नानांना त्यांच्या मिळाल्या नाहीत. त्यांनी वहिनींच्या मागून आणून घातल्या, गुलाबी, फुलाच्या.

प्रोसेसर बसला. त्यावर लावायची राखाडी पेस्ट सूनबाईने मोहरीएवढी काढली.

"हे काय, मलम?" आईंनी विचारलं.

"तसंच. याला भाजू नये म्हणून आधीच लावायचं."

"माणसांना पण असतं तर बरं झालं असतं," आई म्हणाल्या आणि नानांकडे बघितलं नाही.

रॅम टक् आवाज करून बसली. सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. मग सूनबाईने तीन पंख्यांचं ते सुंदर, लांबसडक कार्ड दोन्ही हातांनी उचललं आणि कॅबिनेटमध्ये ठेवायला गेली.

ते आत जाईना.

तिने तिरकं करून पाहिलं. नवऱ्याने उलटं करून पाहिलं. नानांनी खोक्यावरची लांबी वाचली, जणू दरडावलं तर कार्ड आखडून घेईल. कार्डाचं शेपूट कॅबिनेटच्या पुढच्या पंख्याला अडत होतं. बोटभर. जेमतेम पाऊण इंच.

"एवढं लहान कसं हे कॅबिनेट?" सूनबाई म्हणाली. "अठरा सांगितले होते ना मी?"

"सोळा," नवरा म्हणाला.

"चौदा," नाना म्हणाले.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नाना गुलाबी चपला फटफटवत आत गेले आणि फाइल घेऊन आले. कागदावर तीन आकडे होते. निळ्यात १८. त्यावर काट मारून काळ्यात १६. त्यावर काट मारून, अध्यक्षांच्या लाल पेनाने, सहीसकट, १४.

"मला वाटलं, तू टेपवरचा आकडा तसाच लिहिलास," नवरा म्हणाला. "ठकूच्या तापाच्या गडबडीत होतीस. म्हणून मी दोन वजा केले."

"आणि मला वाटलं, याने केले नसणार," नाना म्हणाले. "याने जन्मात कधी हिशेब तपासलाय? म्हणून मी केले."

"अहो पण मी केले होते!" सूनबाई जवळजवळ ओरडलीच. मग ठकूची आठवण होऊन तेच वाक्य पुन्हा कुजबुजली, पण कुजबुजताना ते जास्तच भयंकर वाटलं.

आई हळूच म्हणाल्या, "कुठल्या टेपने मोजलंस गं?"

"तुमच्या. मशीनवरच्या."

"अगं पोरी... मशीनवरची नवीन आहे. तीन महिने झाले. जुन्या टेपवरचे आकडे दिसेनात मला. ती आता उशाखाली असते, उगीच, सवयीची म्हणून. नवीन टेप पहिल्या इंचापासून सुरू होते."

कोनाडा वीस इंच होता. वीसच्या वीस. तीन शहाण्या माणसांनी, प्रत्येकाने दुसऱ्याची काळजी घेत, त्याला चौदावर आणला होता. परका माणूस घरात असता तर एवढी चूक झाली नसती. अशा चुकीला एकमेकांना पुरतं ओळखणारं कुटुंबच लागतं.

सूनबाईने दुकानदाराला फोन लावला.

"ताई, बदलून दिलं असतं हो. पण माल परत घ्यायची मुदत तीन दिवस. शनिवारी नेलात ना? काल संपली."

काल, म्हणजे मंगळवारी. जेव्हा भांडारात माल दाखल होत होता. तिने फोन ठेवला आणि नानांकडे न बघता फरशीकडे बघितलं. दुसरं कॅबिनेट आणायला पाकिटात काही उरलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी अकरा. मध्ये एक गुरुवार. स्टुडिओतली ती दुसरी मुलगी तिला दिसायला लागली. नीटनेटकी, शांत, जिच्याकडे टेप पहिल्या इंचापासून सुरू होते अशी.

सर्वज्ञ काका तेवढ्यात वर आले. त्यांनी परिस्थिती एका नजरेत ओळखली. "करवत आहे?"

"काका, कार्ड कापता येत नाही."

"मग कॅबिनेट!"

चौतीस वर्षांच्या शिस्तीने सांभाळलेली फाइल नानांनी मांडीवर उलटी ठेवली होती. गुलाबी चपलांतले त्यांचे पाय बघून सूनबाईला इतका वेळ आलेला राग एकदम विरघळला, आणि रागाशिवाय तर तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. ती उठून ठकूजवळ जाऊन बसली.

आई मात्र कॅबिनेटपुढे मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी टेप घेतली नाही. अंगठा आणि तर्जनी ताणून त्या आत कसलीशी मापं घेत होत्या, एखाद्या गिऱ्हाइकाच्या खांद्याची घ्यावीत तशी.

"हा पुढचा पंखा केवढा जाड आहे गं? एक इंच?"

"असेल."

"आणि तुला हवंय पाऊण. मग हा आतच कशाला हवा? खिसा आतून लावतात तसा बाहेरूनही लावता येतो की. पत्र्याच्या बाहेरच्या बाजूने बसव. वारा तर तेवढाच येईल."

सूनबाई उठली. कॅबिनेटचा पुढचा प्लॅस्टिकचा दरवाजा ओढून काढला. मागे जाळीचा पत्रा होता, आणि पत्र्याला पंख्याची चार भोकं आरपार. पंखा आतून सोडवला, बाहेरून लावला. स्क्रू-ड्रायव्हर शिवणयंत्राचा. मग तिने कार्ड उचललं. काकांनी डोळे मिटले.

कार्ड सरकलं, टेकलं, आणि टक् झालं.

शेपूट आणि पत्रा यांच्यामध्ये पाव इंच उरला होता. नानांनी त्यात फाइलचा पुठ्ठा घालून पाहिला. आरामात गेला.

आता पंखा बाहेर आल्यावर दरवाजा काही बसेना. कॅबिनेट दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं उघड्या तोंडाने बघत राहिलं. फिरतं पातं, समोर ठकूची बोटं. असं ठेवणं शक्यच नव्हतं. आईंनी पडद्याच्या कामातली उरलेली पांढरी जाळी काढली, दुहेरी केली, कडेला इलॅस्टिक घातलं आणि वीस मिनिटांत कॅबिनेटला तोंडभर बसेल असं झबलं शिवलं. आतून तारेची गोल चौकट, म्हणजे जाळी पंख्याला लागू नये. डाव्या कोपऱ्यात, का कोण जाणे, एक छोटं निळं फूलही काढलं.

"हे कशाला, आई?"

"तोंड आहे ते त्याचं. बोडकं दिसतं."

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

"मालात खोट," नाना म्हणाले, पण आज त्यांच्या आवाजात दम नव्हता. सूनबाईने मागे वाकून पाहिलं. नवऱ्याने उत्साहाच्या भरात मॉनिटरची केबल कार्डाऐवजी भलतीकडेच खुपसली होती. तिने ती काढून जागच्या जागी लावली आणि पडदा उजळला. नवऱ्याने टाळी वाजवायला हात उचलले आणि आईंनी ते हवेतच धरले, कारण ठकू झोपली होती.

ठकू झोपली होती! अडीच वाजून गेले होते, कॉम्प्युटर चालू होता आणि ठकू झोपली होती. सूनबाईने कान लावून ऐकलं. पांढऱ्या जाळीतून कुणी झोपेत श्वास घ्यावा एवढाच आवाज येत होता.

गुरुवारी तिने वही उघडली. वहीत सगळं होतंच. हात सुटले आणि थांबेनात. शॉट ओढला की येत होता, कापला की कापला जात होता. नवऱ्याने ठकूला बागेत नेलं, आईंनी ओट्यावरचं सगळं स्वतःकडे घेतलं. दुपार, मग ठकू परत आल्यावर तिला मांडीवर घेऊन संध्याकाळ. आजींच्या हातांचा शॉट आला तेव्हा ठकू पडद्यावरच्या आजींकडे बघून स्वतःचे हात वर करून उलटसुलट करायला लागली. सतरा सेकंद. पुरते.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला शेवटचं काम सुरू झालं. जुळवलेली फिल्म एका फाइलमध्ये बांधून स्टुडिओला पाठवायची. ते चालू असताना मशीनला कुणी हात लावायचा नसतो. आणि नेमक्या त्याच वेळी सर्वज्ञ काका पाहायला आले, वहिनींना घेऊन.

"हेच का ते! जरा मागून वायरी बघतो..."

"थांबा!" नाना कोनाड्यापुढे उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, छातीवर लाल पेन होतं. "माल तपासणीखाली आहे. विनापरवानगी हात लावता येणार नाही."

"अहो नाना, नुसतं बघतो."

"बघण्याचा अर्ज करा. तीन प्रतींत."

काकांना अर्ज लिहायला कागद दिला गेला, पेन दिलं गेलं, मग 'विषय' नीट लिहिला नाही म्हणून पहिला अर्ज परत केला गेला. वहिनींना 'सोबत जोडलेली कागदपत्रं' विचारण्यात आली. ठकूने बटणाकडे बोट करून हात पुढे केला, तेव्हा तिलाही नकार मिळाला, पण तो कडेवर घेऊन. सूनबाई पडद्यावरची रेघ पुढे सरकताना बघत होती आणि तिच्या पाठीमागे चौतीस वर्षांचा अनुभव पहिल्यांदाच तिच्या बाजूने लढत होता.

दहा चाळीसला फिल्म गेली. काकांचा तिसरा अर्ज दहा पंचेचाळीसला मंजूर झाला.

बारा वाजता फोन आला. "अगं, त्या आजींच्या शॉटला दवाखान्याचे डॉक्टरच रडले," स्टुडिओच्या बाई म्हणाल्या. "मी असते तर तो पाच सेकंदांत कापला असता. काम तुझं. आणि आज वाटण नाही वाटतं?"

"नाही," सूनबाई म्हणाली. "आमचं मशीन शांत आहे."

नवऱ्याच्या गेमचंही सांगायला हवं. त्याने शनिवारी मालवाहू ट्रक चालवायचा एक गेम टाकला आणि नानांना दाखवण्याची चूक केली. आता रोज संध्याकाळी सहा ते आठ नाना ट्रक चालवतात. वेग कधी तीसच्या वर नाही. माल पोचवला की गेम पुढच्या फेरीला बोलावतो, तर नाना पडद्याला विचारतात, "पोच कुठे आहे?" नवरा मागे स्टुलावर बसून आपल्या पाळीची वाट बघतो. सहा वर्षं थांबला, आणखी थोडं.

दुकानदाराला सूनबाईने त्या पांढऱ्या जाळीचा फोटो पाठवला होता, जरा खिजवायलाच. त्याचा उलट निरोप आला, 'ताई, हे धूळ अडवायला फार भारी आहे, आणखी दहा मिळतील का? फूल हवंच.' आईंनी निरोप दोनदा वाचून घेतला आणि जाळीचं कापड मोजायला घेतलं. नव्या टेपने.

पुढच्या गुरुवारी स्टुडिओच्या बाईंचा पुन्हा फोन. नवी फिल्म, वीस मिनिटांची. नानांनी ट्रक रस्त्याच्या कडेला, इंडिकेटर देऊन, उभा केला आणि फाइल उघडली.

"किती दिवस लागतील?" बाईंनी विचारलं.

सूनबाईने मनात हिशेब केला. आठ. तोंडातून सहा निघणार होतं. 'स' ओठांवर आलाही होता.

"आठ," ती म्हणाली. "पुरते आठ."

"चालेल."

फोन ठेवून तिने पाहिलं, तर नानांनी लाल पेनाने फाइलमध्ये 'मुदत: ६ दिवस' असं लिहिलंही होतं. सूनबाईने हात पुढे केला. नानांना आधी कळलं नाही. मग त्यांनी पेन दिलं. ते लाल पेन चौतीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं नव्हतं. तिने सहावर एक सरळ काट मारली आणि शेजारी ठळक, मोठा आठ काढला.

नानांनी चष्मा वर करून तो आठ पाहिला. पेन परत घेतलं. आणि त्या आठाखाली, जपून, आपली छोटी सही केली.

"खाडाखोड आहे ना," ते म्हणाले, "सही लागते."